परदेशी विसावलेला फिरकी गोलंदाज : सुभाष गुप्ते

पोटासाठी गाव सोडणे ही गोष्ट आपल्या बीड जिल्ह्याला नवी नाही. दसरा-दिवाळी उलटली की वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या गाड्या भरू लागतात. कोयता, चार भांडी आणि लहान लेकरे बरोबर घेऊन माणसे परमुलखात पालावर संसार मांडतात. तेलगावच्या शिवारातून साखर कारखान्याचे धुराडे रोज पाहणाऱ्यांना ऊस आणि स्थलांतर यांचे नाते वेगळे समजावून सांगायला नको. परंतु एका मराठी माणसाने चेंडूच्या बळावर देशाच्या सीमा ओलांडल्या, परमुलखात मोल घेऊन खेळ केला आणि शेवटी सातासमुद्रापलीकडच्या एका उसाच्याच बेटावर आपले घर केले, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. तो माणूस म्हणजे भारताचे थोर फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते.

अनिल कुंबळे, शेन वॉर्न ही नावे आज शाळकरी मुलांच्याही ओठांवर असतात. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौकडीच्या आठवणी जुनी मंडळी अजून काढतात. या सर्वांच्या आधी, भारताचा संघ हरण्यासाठीच मैदानात उतरतो असे जगाला वाटत होते त्या काळात, प्रतिस्पर्धी फलंदाजांना धाक वाटावा असा एक गोलंदाज आपल्याकडे होता. त्याच्या कर्तृत्वाचा आलेख जितका उंच, तितकाच त्याच्या कारकिर्दीचा शेवट मनाला चटका लावणारा आहे. म्हणूनच हे चरित्र केवळ क्रिकेटप्रेमींनी नव्हे, तर न्याय-अन्यायाचा विचार करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे असे वाटते.

सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे बालपण आणि तारुण्य ज्या मुंबईत गेले ती क्रिकेटवेडी मुंबई होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि इतर अशा पाच संघांचे पंचरंगी सामने पाहण्यासाठी सारे शहर लोटत असे. एकेका मैदानावर एकाच वेळी दहा-बारा सामने चालत आणि एका सामन्याचा चेंडू दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीवर जाई. अशा गर्दीत ज्याची गुणवत्ता दिसे, ती खरोखरच अस्सल असे. शिवाजी पार्कच्या मातीशी ज्या नामवंत खेळाडूंची नावे जोडली गेली आहेत त्यांत सुभाष गुप्ते यांचे नाव मानाने घेतले जाते. त्यांचे धाकटे बंधू बाळू गुप्ते हेही लेग स्पिन गोलंदाज. तेही पुढे भारतातर्फे तीन कसोटी सामने खेळले. एकाच घरातील दोघा भावांना ही अवघड विद्या साधावी, हा योग विरळाच म्हणावा लागेल.

ही विद्या अवघड का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. वेगवान गोलंदाजाला खांद्याचे आणि पाठीचे बळ लागते. ऑफ स्पिन टाकणारा बोटांनी चेंडू फिरवतो. लेग स्पिन टाकणाऱ्याला मात्र सारे काम मनगटाकडून करून घ्यावे लागते. मनगट वळवून सोडलेला चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या पायाकडून ऑफ यष्टीकडे वळतो. त्याच मनगटाने, त्याच लकबीत, पण हाताची पाठ फलंदाजाकडे करून चेंडू सोडला की तो उलटा आत येतो. त्याला गुगली म्हणतात. फलंदाजाला हाताकडे पाहून फरक ओळखता आला तर गोलंदाजाची धडगत नाही. ओळखता आला नाही तर फलंदाजाची नाही. मनगटात केसभर चूक झाली तर चेंडू आखूड पडतो किंवा थेट बॅटीवर जातो आणि चौकार बसतो. म्हणून लेग स्पिनर बहुधा महागडे ठरतात आणि कर्णधार त्यांना चार षटकांतच बाजूला करतात. गुप्ते यांची थोरवी अशी की, इतकी धोक्याची विद्या जवळ असूनही त्यांचा टप्पा आणि दिशा सहसा चुकत नसे. चेंडूला उंची देऊन फलंदाजाला पुढे ओढायचे आणि ऐन वेळी त्याला वळवून फसवायचे, ही त्यांची हातोटी होती. त्यांच्याजवळ गुगलीचेही दोन प्रकार होते. एक सहज ओळखू यावा असा आणि दुसरा कुणालाही न उमगणारा. पहिल्याने फलंदाजाला बेसावध करावे आणि दुसऱ्याने त्याचा घात करावा, असा हा बुद्धीचा खेळ असे. अंगकाठी किरकोळ, पण डोके आणि मनगट विलक्षण, असे त्यांचे वर्णन करता येईल.

१९४८-४९ च्या हंगामात गुप्ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळू लागले. ३० डिसेंबर १९५१ रोजी कलकत्त्यात इंग्लंडविरुद्ध सुरू झालेल्या सामन्यात त्यांना भारतातर्फे पहिली कसोटी खेळायला मिळाली. त्या सामन्यात त्यांच्या वाट्याला यश आले नाही. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर लेग स्पिनर म्हणून महाराष्ट्राचे सदाशिव शिंदे गेले. गुप्ते घरीच राहिले. पण ही प्रतीक्षा फार दिवसांची नव्हती.

१९५२-५३ च्या हंगामात विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ प्रथमच वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर निघाला. तेव्हा वेस्ट इंडिजकडे वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट हे तीन बिनीचे फलंदाज होते आणि गोलंदाजांची कत्तल करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. तेवीस वर्षांच्या गुप्ते यांनी पोर्ट ऑफ स्पेन येथील पहिल्याच कसोटीत एका डावात १६२ धावांत ७ बळी घेतले. पाच कसोटींत मिळून त्यांनी २७ फलंदाज बाद केले. किंग्स्टनच्या शेवटच्या कसोटीत वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघांनीही शतके ठोकली. तरीसुद्धा त्या डावातील दहाही बळी विनू मंकड आणि गुप्ते या दोघांनीच पाच-पाच असे वाटून घेतले. भारताने मालिका गमावली ती केवळ एका सामन्याच्या फरकाने. त्रिनिदादच्या लोकांना हा तरुण इतका आवडला की, त्यांनी त्याला आपल्या विल्फ्रेड फर्ग्युसन या लेग स्पिनरच्या नावावरून फर्गी म्हणायला सुरुवात केली. हे टोपणनाव गुप्ते यांना जन्मभर चिकटले.

या दौऱ्यातच त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. दक्षिण त्रिनिदादमधील सान फर्नांडो येथे त्यांची कॅरोल गोबर्धन या भारतीय वंशाच्या तरुणीशी ओळख झाली आणि पुढे त्या त्यांच्या सहधर्मचारिणी झाल्या. गोबर्धन हे नाव वाचून आपल्याला नवल वाटेल. पण त्यामागे एक मोठा इतिहास आहे. वेस्ट इंडिजमधील गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर तेथील उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात. तेव्हा इंग्रज मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर माणसे न्यायला सुरुवात केली. फातेल रझाक हे जहाज अशा मजुरांची पहिली तुकडी घेऊन ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय त्या बेटावर गेले. अॅग्रीमेंट या शब्दाचा अपभ्रंश करून ते आपल्या कराराला गिरमिट म्हणत. त्यांत उत्तर प्रदेश-बिहारकडील माणसे जास्त होती. उचल घेऊन कोयत्याला जाणाऱ्या माणसाला जसे हिशेब फिटेपर्यंत परत फिरता येत नाही, तसेच काहीसे त्यांचे होते. फरक एवढाच की, त्यांतील बहुतेक पुढेही परतले नाहीत. त्यांची मुले-नातवंडे तेथेच रुजली, भाषा बदलली, पण नावे आणि सणवार टिकून राहिले.

याच गिरमिटियांच्या वंशातला सॉनी रामाधीन हा फिरकी गोलंदाज तेव्हा वेस्ट इंडिजकडून खेळत होता. बार्बाडोसच्या कसोटीत त्यानेच ५ बळी घेऊन भारताला हरवले होते. योगायोग असा की, रामाधीन आणि गुप्ते हे दोघेही १९२९ सालचे. एकाचे पूर्वज हिंदुस्थानातून त्रिनिदादला गेले होते. दुसरा स्वतःच पुढे त्रिनिदादवासी होणार होता. रामाधीन मात्र क्रिकेटच्या पोटी इंग्लंडला गेला, तेथेच स्थायिक झाला आणि २०२२ मध्ये तेथेच वारला. माणसाची जन्मभूमी आणि कर्मभूमी यांचे गणित किती गुंतागुंतीचे असते, ते या दोघांकडे पाहिले की कळते.

येथे व्यावसायिक खेळाडू या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. आज खेळाडूंच्या लिलावातील कोटींचे आकडे ऐकून आपण थक्क होतो. परंतु एके काळी पैसे घेऊन खेळणे हे कमीपणाचे मानले जाई. इंग्लंडमध्ये हौशी खेळाडू हे साहेब आणि मोल घेणारे ते नुसते खेळाडू, असा उघड भेद होता. तो १९६२ साली रद्द झाला. आपल्याकडे पाळवणकर बाळू यांनी पुण्याच्या जिमखान्यात इंग्रजांना तासन्‌तास चेंडू टाकून पोट भरले आणि त्याच कौशल्यावर १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. परंतु अस्पृश्यतेचे चटके त्यांना मैदानावरही सोसावे लागले. पुढे त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन यांनी इंग्लंडमधील लँकेशायर लीगमध्ये नेल्सन क्लबकडून मोल घेऊन खेळत मोठा लौकिक मिळवला. त्यांच्यानंतर काळ्या-सावळ्या खेळाडूंना त्या लीगची दारे उघडत गेली. आपले विनू मंकड हे हॅसलिंग्डन क्लबकडून खेळले, तर गुप्ते रिश्टन क्लबचे व्यावसायिक खेळाडू झाले.

लँकेशायर हा गिरण्यांचा मुलूख. आठवडाभर गिरणीत राबणारे कामगार शनिवारी दुपारी मैदानावर जमत. प्रत्येक क्लबात एकच पगारी खेळाडू असे आणि बाकीचे दहा जण हौशी. सामना जिंकून द्यायची जबाबदारी अर्थातच त्या एकट्यावर. त्याने अर्धशतक काढले किंवा चांगले बळी घेतले, तर प्रेक्षकांत टोपी फिरे आणि जमलेली चिल्लर त्याच्या पदरात पडे. हवा थंडगार, खेळपट्टी ओलसर, चेंडू साबणासारखा हातातून सुटणारा, आणि झेल घ्यायला दुकानदार, कारकून किंवा विणकर! अशा ठिकाणी मनगटाची नाजूक विद्या चालवणे किती कठीण असेल, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही गुप्ते तेथे टिकले, कारण भारतात त्या वेळी क्रिकेटवर घर चालत नव्हते. कसोटी सामन्याचे मानधन अगदी तुटपुंजे होते आणि मालिका संपली की खेळाडू पुन्हा नोकरीच्या शोधात. देशात असतानाही ते मुंबईखेरीज बंगाल आणि राजस्थान या संघांकडून खेळले. चाकरीच्या मागे माणसाला जावेच लागते.

इकडे कसोटी क्रिकेटमध्ये त्यांची घोडदौड चालूच होती. डिसेंबर १९५४ मध्ये मुंबईकडून खेळताना त्यांनी पाकिस्तान सर्व्हिसेस व बहावलपूर यांच्या संयुक्त संघाविरुद्ध ७८ धावांत दहाच्या दहा बळी घेतले. प्रथम दर्जाच्या सामन्यात एका डावातील सर्व बळी घेणारे ते पहिले भारतीय. लगेच नंतरच्या पाकिस्तान दौऱ्यात डाक्क्याच्या कसोटीत त्यांनी अवघ्या १८ धावांत ५ गडी बाद केले आणि मालिकेत एकूण २१ बळी मिळवले. ती मालिका मात्र इतकी सावध खेळली गेली की, पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या.

१९५५-५६ साली न्यूझीलंडचा संघ भारतात आला. हैदराबादच्या पहिल्या कसोटीत पॉली उम्रीगर यांनी भारतातर्फे पहिले द्विशतक ठोकले, पदार्पण करणारे कृपालसिंग यांनी शतक काढले आणि गुप्ते यांनी १२८ धावांत ७ बळी टिपले. उम्रीगर आणि कृपालसिंग ही नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत. त्यांतील एक पुढे पुन्हा येणार आहे. मद्रासच्या शेवटच्या कसोटीत मंकड आणि पंकज रॉय यांनी ४१३ धावांची सलामी दिली, ती जगभर गाजली. त्या आतषबाजीच्या प्रकाशात गुप्ते यांनी दोन डावांत घेतलेले ९ बळी काहीसे झाकले गेले. पण सामना जिंकायला वीस गडी बाद करावे लागतात, हे विसरून चालत नाही. पाच कसोटींच्या त्या मालिकेत त्यांनी ३४ बळी घेतले. भारतीय गोलंदाजाचा हा विक्रम १९७२-७३ मध्ये चंद्रशेखर यांनी ३५ बळी घेईपर्यंत अबाधित होता.

त्यांच्या कामगिरीचा कळस झाला तो डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरच्या कसोटीत. समोर वेस्ट इंडिजचा तगडा संघ होता. सोबर्स, कन्हाय, बुचर असे एकाहून एक सरस फलंदाज. गुप्ते यांनी त्यांचा डाव २२२ धावांत गुंडाळला आणि १०२ धावा देऊन ९ बळी घेतले. कसोटीच्या एका डावात ९ बळी घेणारे ते पहिले भारतीय गोलंदाज ठरले. दहावाही बळी त्यांनाच मिळाला असता. परंतु लान्स गिब्जचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्या हातून सुटला आणि नंतर वसंत रांजणे यांनी गिब्जचा त्रिफळा उडवला. एवढे होऊनही भारत हा सामना हरलाच. भारताच्याही २२२ धावाच झाल्या आणि दुसऱ्या डावात सोबर्स यांनी १९८ धावा कुटल्या. त्या मालिकेत भारताला चार कर्णधार बदलावे लागले आणि तीन सामन्यांत पराभव पत्करावा लागला. असे विस्कळीत घर, सुटणारे झेल, धावा न करणारे सहकारी आणि तरीही तासामागून तास चेंडू टाकणारा एक किरकोळ अंगाचा माणूस, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे गुप्ते यांच्या आकड्यांचे खरे मोल कळते.

आता या चरित्रातील सर्वांत दुःखद प्रकरणाकडे वळावे लागेल. १९६१-६२ च्या हंगामात टेड डेक्स्टर यांचा इंग्लंड संघ भारतात आला होता. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कानपूरला दुसरी कसोटी झाली. गुप्ते यांनी ९० धावांत ५ बळी घेतले आणि इंग्लंडवर फॉलोऑनची पाळी आणली. भारताविरुद्ध अशी पाळी इंग्लंडवर प्रथमच आली होती. त्यानंतर संघ दिल्लीला गेला. ११ डिसेंबरला गुप्ते यांना ३२ वर्षे पूर्ण झाली. फिरकी गोलंदाजाचे हे ऐन बहराचे वय. १३ डिसेंबरला सुरू झालेली दिल्लीची कसोटी त्यांची शेवटची कसोटी ठरेल, असे कुणाच्या स्वप्नातही नसेल.

दिल्लीत संघाचा मुक्काम इम्पीरियल हॉटेलात होता. गुप्ते आणि कृपालसिंग एकाच खोलीत उतरले होते. कृपालसिंग यांनी खोलीतून हॉटेलच्या स्वागतिकेला दूरध्वनी करून काम संपल्यावर आपल्याबरोबर पेय घेण्यास येण्याविषयी विचारले. त्या बाईंना हे आवडले नाही आणि त्यांनी तक्रार केली. त्यांची तक्रार योग्यच होती, यात शंका नाही. आपले काम करणाऱ्या स्त्रीला अशा गोष्टींचा उपद्रव होऊ नये, हे कुणीही मान्य करील. प्रश्न पुढचा आहे. मंडळाने कृपालसिंग यांच्याबरोबर गुप्ते यांनाही दोषी धरले आणि दोघांनाही संघातून काढले. गुप्ते यांचा अपराध कोणता? तर दूरध्वनी ज्या खोलीतून गेला त्या खोलीत ते राहत होते. सहकाऱ्याला त्यांनी अडवले का नाही, असे त्यांना विचारण्यात आले. आणि धडधाकट, जाणत्या माणसाला आपण कसे अडवणार, असे उत्तर त्यांनी दिल्याचे सांगतात. या उत्तराने कुणाचे समाधान झाले नाही.

पुढे काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. त्याच मालिकेत भारताने कलकत्ता आणि मद्रास येथील कसोट्या जिंकल्या आणि इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदाच मालिका खिशात घातली. ज्या विजयासाठी गुप्ते यांनी दहा वर्षे घाम गाळला, तो आला तेव्हा ते संघात नव्हते. मद्रासच्या सामन्यात प्रसन्ना यांनी पदार्पण केले. जुने पान गळत असताना नवे फुटत होते. लगेच भारताचा संघ वेस्ट इंडिजला जाणार होता. ज्या बेटांवर गुप्ते यांनी नाव कमावले, जेथील खेळपट्ट्या त्यांना तळहातासारख्या ठाऊक होत्या, त्या दौऱ्यातूनही त्यांना वगळण्यात आले. तो दौरा भारताने पाच विरुद्ध शून्य असा गमावला. कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांना बार्बाडोसमध्ये डोक्याला चेंडू लागून जिवावरचे दुखणे आले. गुप्ते असते तर निकाल फिरला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण त्यांची उणीव भासली नाही, असे कोण म्हणेल?

कृपालसिंग यांना काही काळाने माफी मिळाली आणि १९६३-६४ मध्ये ते पुन्हा भारतातर्फे कसोटी खेळले. गुप्ते यांच्यासाठी मात्र परतीची वाट राहिली नव्हती. १९६२-६३ चा हंगाम ते राजस्थानकडून खेळले आणि त्यानंतर त्यांनी देश सोडला. कॅरोलबाईंच्या माहेरच्या बेटावर, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या त्रिनिदादमध्ये, त्यांनी बिऱ्हाड हलवले. १९६३-६४ मध्ये ते त्रिनिदादच्या संघातूनही प्रथम दर्जाचा सामना खेळले. ज्या संघाने त्यांना फर्गी हे नाव दिले, त्याच संघाचा पोशाख अंगावर चढवून ते मैदानात उतरले. यापुढचे आयुष्य त्यांनी तेथेच काढले.

देश सोडला म्हणून देश सुटतो का? १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने वेस्ट इंडिजवर पहिला कसोटी विजय मिळवला, तो पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. सुनील गावसकर यांची ती पहिली कसोटी. १९७६ मध्ये त्याच मैदानावर चौथ्या डावात भारताने ४०० च्यावर धावा काढून सामना जिंकला. १९५३ मध्ये जेथे गुप्ते यांनी ७ बळी घेतले होते ती हीच भूमी, आणि मुंबईच्या मैदानांवर वाढलेले वाडेकर-गावसकर हे त्यांचेच वारस. ज्या बेटावर भारतीय क्रिकेटने ताठ मानेने उभे राहायला शिकले, त्या बेटावर पहिला नांगर गुप्ते यांनी चालवला होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

उशिरा का होईना, मायदेशाने त्यांची आठवण केली. २००० साली भारतीय क्रिकेट मंडळाने त्यांना सी. के. नायडू यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार दिला. दोन वर्षांनी, ३१ मे २००२ रोजी, पोर्ट ऑफ स्पेन येथे त्यांचे निधन झाले. ३० मे हा दिवस त्रिनिदादमध्ये भारतीय आगमन दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या जहाजाची आठवण म्हणून त्या दिवशी सुटी असते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी या मराठी माणसाने त्या मातीत देह ठेवला.

सुभाष गुप्ते यांनी ३६ कसोटींत १४९ बळी घेतले. त्यांतील १२ वेळा एका डावात ५ किंवा अधिक. प्रथम दर्जाच्या सामन्यांत त्यांच्या नावावर ५३० बळी आहेत. ज्यांनी शेन वॉर्नचाही जमाना पाहिला, त्या गारफिल्ड सोबर्स यांनी आपण पाहिलेल्या लेग स्पिनरांत गुप्ते यांनाच श्रेष्ठ मानले. ज्यांना कानपूरला त्यांचे चेंडू खेळावे लागले, त्यांची ही पावती आहे. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते असेल?

परंतु आपण विद्यार्थ्यांनी या चरित्रातून केवळ आकडे उचलू नयेत. शिस्त हवी, हे कोण नाकारील? संघात हवी, महाविद्यालयात हवी, सरकारी कचेरीत हवी. पण शिस्तीच्या नावाखाली शेजाऱ्याच्या दोषाची सजा निर्दोष माणसाला दिली की, ती शिस्त राहत नाही. मुलांच्या एखाद्या खोलीत गोंधळ झाला, तर सगळ्या खोलीला दंड करणे सोपे असते. कोणी केले याचा शोध घेणे कठीण असते. अधिकार ज्यांच्या हाती असतो, त्यांनी हे कठीण काम टाळले की एखाद्याचे आयुष्यच दुसऱ्या वाटेला लागते. गुप्ते यांनी कोर्टकचेरी केली नाही. ते आपले मनगट घेऊन दुसऱ्या देशी गेले. नुकसान झाले ते त्यांचे थोडे आणि आपले फार.

आपल्यातील उद्याचे शिक्षक, कारकून, सरपंच आणि पंच यांच्या पुढ्यात कधी ना कधी अशी तक्रार येईल, ज्यात एक दोषी आणि एक नुसता जवळ उभा असलेला माणूस असेल. त्या वेळी दोघांची नावे एकाच ओळीत लिहिण्यापूर्वी त्यांनी क्षणभर थांबून दिल्लीच्या त्या खोलीची आठवण करावी. सुभाष गुप्ते यांना ती खरी श्रद्धांजली ठरेल.